लढाईचा फोटो कसा पारखावा: स्पॅनिश यादवी युद्धाच्या छायाचित्रांवरून

पांढरा सदरा घातलेला एक माणूस उतारावर मागे कोसळतोय. हात फाकलेले, उजव्या हातातून रायफल सुटत चाललेली, मागे सगळं आभाळ आणि खाली कोपऱ्यात दूरवरचे डोंगर. १९३६ च्या सप्टेंबरमध्ये दक्षिण स्पेनमध्ये काढलेला आणि रॉबर्ट कापाच्या नावावर असलेला हा फोटो युद्धाच्या छायाचित्रांमध्ये बहुधा सगळ्यात प्रसिद्ध असेल. १९७५ साली फिलिप नाइटली या पत्रकाराने त्याबद्दल उघड शंका घेतली. तेव्हापासून वाद चालू आहे: तो माणूस गोळी लागून पडतोय, की कॅमेऱ्यासाठी?

मी बरीच वर्षं स्पॅनिश यादवी युद्धाचे (१९३६-३९, प्रजासत्ताक सरकार विरुद्ध जनरल फ्रँकोचे बंडखोर) फोटो जमवतो, त्यांच्या छापील प्रती तपासतो. लोक फोटो पाठवतात आणि विचारतात, 'खरा आहे का?' प्रश्न असाच विचारला तर उत्तर जवळजवळ कधीच सापडत नाही. एका फोटोच्या पोटात पाच वेगवेगळे दावे असतात: तो कोणी काढला, कुठे काढला, कधी काढला, त्यात कोण आहे आणि त्या क्षणी काय चाललं होतं. यातले तीन खरे आणि दोन चुकीचे, असं सर्रास असतं. म्हणून प्रत्येक दावा वेगळा काढायचा, वेगळा तपासायचा आणि त्याचा निकालही वेगळाच लिहायचा. खाली सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या याच एका कामाच्या आहेत.

पहिली पायरी: दावे कागदावर उतरवा

फोटोखालची ओळ जशीच्या तशी लिहून घ्या आणि तिचे तुकडे पाडा. समजा ओळ अशी आहे: 'सेरो मुरियानो, ५ सप्टेंबर १९३६. प्रजासत्ताकाचा सैनिक फेदेरिको बोरेल गार्सिया शत्रूच्या गोळीला बळी पडताना. छायाचित्र: रॉबर्ट कापा.' यात जागा, तारीख, नाव, घटना आणि छायाचित्रकार असे पाच दावे आले. प्रत्येकासमोर रिकामी जागा सोडा आणि हे आपल्याला कोणी सांगितलं, ते तिथे लिहा. छायाचित्रकाराने? संपादकाने? चाळीस वर्षांनंतरच्या एखाद्या संशोधकाने? की आंतरजालावरच्या कोणा अनामिकाने? ही रिकामी जागा भरतानाच निम्मी फोटोओळ गळून पडते.

दुसरी पायरी: पहिल्यांदा कुठे छापला, ते शोधा

फोटोओळी वाढत जातात. कापाचा हा फोटो फ्रान्सच्या 'व्ह्यू' या साप्ताहिकात २३ सप्टेंबर १९३६ च्या अंकात आला, तेव्हा त्याखाली भावपूर्ण मजकूर होता. सैनिकाचं नाव नव्हतं. अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकाने १२ जुलै १९३७ ला तो छापला, तेव्हा 'कोर्दोबासमोर डोक्यात गोळी लागून पडणारा सैनिक' अशी माहिती जोडली गेली. सेरो मुरियानो आणि बोरेल ही नावं त्यानंतर कित्येक दशकांनी चिकटली. म्हणजे १९३६ च्या वाचकाला फक्त एक पडणारा माणूस दिसला होता. आपल्याला जे 'माहीत' आहे त्यातलं बरंचसं नंतर आलेलं आहे.

शोध घ्यायला दोन वाटा आहेत. उलटा प्रतिमा-शोध (फोटो टाकून तो आणखी कुठे आहे ते आंतरजालावर शोधणं) तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. फक्त त्याने मिळणाऱ्या निकालांत सगळ्यात जुना कोणता, एवढंच बघा. किती ठिकाणी सापडला याला काही किंमत नाही, कारण एकाची चूक शंभरजण उतरवून घेतात. दुसरी वाट जुन्या नियतकालिकांची. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गालिका' या संग्रहात 'रगार' आणि 'स स्वार' यांसारखी, कापाचं काम छापणारी नियतकालिकं पानापानाने वाचता येतात. स्पेनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचाही वृत्तपत्रांचा डिजिटल संग्रह आहे. सालामांका इथे यादवी युद्धाच्या कागदपत्रांचं मोठं सरकारी दप्तर आहे. भाषा येत नसली तरी तारीख आणि चित्र कळतं; मजकुराचं भाषांतर आता हाताशी असतं.

छापील तारीख ही फोटोची सगळ्यात उशिराची शक्य तारीख असते, हे पक्कं धरा. २३ सप्टेंबरच्या अंकात आलेला फोटो २५ सप्टेंबरच्या लढाईचा असूच शकत नाही. ही साधी गोष्ट पुढे फार उपयोगी पडणार आहे.

तिसरी पायरी: फोटो ही वस्तू आहे, ती उलटून पाहा

तुमच्याकडे छापील प्रत असेल तर आधी मागची बाजू बघा. संस्थेचा शिक्का, टंकलिखित चिठ्ठी, पेन्सिलचे आकडे. शिक्क्यावरची तारीख बहुतेक वेळा फोटो कचेरीत आल्याची असते. ती काढल्याची तारीख समजून मी एका प्रतीवर चुकीची नोंद केली होती, आणि तीच नोंद पुढे दोघांनी वापरली. ती मागे घ्यायला मला बराच पत्रव्यवहार करावा लागला. तेव्हापासून शिक्क्याचे शब्द मी भिंगाखालीच वाचतो.

शिक्का छायाचित्रकाराबद्दलही बोलतो. गेर्डा टारो ही कापाची सहकारी आणि जोडीदार. सुरुवातीला तिचं काम बऱ्याचदा कापाच्या नावाखाली जाई. १९३७ मध्ये दोघांच्या नावांचा संयुक्त शिक्का आला आणि मग तिचा स्वतःचा. २५ जुलै १९३७ ला ब्रुनेतेच्या आघाडीवरून माघार घेताना ती रणगाड्याखाली सापडली आणि दुसऱ्या दिवशी गेली, अवघ्या २६ व्या वर्षी. त्यानंतर कित्येक दशकं तिचे फोटो त्याच्याच नावावर राहिले. म्हणून 'छायाचित्र: कापा' असं दिसलं की १९३६ च्या फोटोंबाबत तरी तिथे प्रश्नचिन्ह टाका.

इथे एक छान खूण आहे. त्या काळात कापा लायका कॅमेरा वापरत होता. त्याची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटर, म्हणजे आडवी, दोनास तीन या प्रमाणातली. टारो सुरुवातीला चौरस चौकटीचा कॅमेरा वापरे. पूर्ण, न कापलेली प्रत मिळाली तर नुसत्या प्रमाणावरून कॅमेरा ओळखता येतो. कोसळणाऱ्या सैनिकाच्या बाबतीतही काही अभ्यासकांनी याच आधारावर तो टारोचा असू शकेल असा मुद्दा मांडला आहे. पण मूळ निगेटिव्ह सापडलेलं नाही आणि प्रती कापलेल्या असू शकतात, म्हणून तो मुद्दा शेवटाला जात नाही. २००७ मध्ये मेक्सिकोतून न्यूयॉर्कला आलेल्या खोक्यांत कापा, टारो आणि त्यांचा सहकारी छायाचित्रकार डेव्हिड सेमूर यांची सुमारे ४,५०० निगेटिव्ह निघाली. सगळ्यांना आशा होती. पण हे एक त्यात नव्हतं.

प्रत जुनी आहे का, हे पाहायला अतिनील दिवा वापरा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात उजळपणा देणारं रसायन आहे, आणि छायाचित्रांच्या कागदात ते १९५० च्या दशकाच्या आसपास आलं. तशी प्रत १९३६ ची नाही; नंतर काढलेली आहे. फोटो खोटा आहे असा याचा अर्थ होत नाही, फक्त ती प्रत त्या काळाची नाही. भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर तुमच्या हातात छापील पानाचं कात्रण किंवा त्याचा फोटो आहे.

चौथी पायरी: भावंडं शोधा

माझ्या मते सगळ्यात मोलाची पायरी हीच. एकटा फोटो हवं ते सांगतो; त्याच्या आधीचा आणि नंतरचा फोटो त्याला बोलतं करतो. त्याच रिळावरचे, त्याच दिवशीचे, त्याच टेकडीवरचे जितके मिळतील तितके फोटो एका ओळीत मांडा.

'व्ह्यू'च्या त्याच पानावर आणखी एक पडणारा माणूस आहे. दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा. पुढच्या जमिनीवर कापणीनंतरची धसकटं आहेत आणि त्यातल्या काही काड्या दोन्ही फोटोंत त्याच जागी, त्याच आकाराच्या दिसतात. आभाळातले ढगही जवळपास तेच. म्हणजे कॅमेरा जागेवरून फारसा हललेला नाही आणि दोन फोटोंमध्ये थोडाच वेळ गेला आहे. पण माणसं वेगळी आहेत. कपडे, पट्टे, पडण्याची ढब सगळं वेगळं. आता प्रश्न पडतो: थोड्याशा वेळात दोन माणसं त्याच काही फुटांच्या जागेवर गोळी लागून पडली, तर दुसऱ्या फोटोत पहिल्याचं प्रेत कुठे आहे? कापाचे चरित्रकार रिचर्ड व्हेलन यांचं म्हणणं असं की पहिल्याला सोबत्यांनी खंदकात ओढून नेलं असावं. शक्य आहे. पण मग हे स्पष्टीकरण फोटोबाहेरून आणावं लागतं, हे लक्षात घ्या आणि तसंच नोंदवा.

त्याच मालिकेत सैनिक रायफली उंचावून हसताना, खंदकावरून उड्या मारताना, उतारावर नेम धरून बसलेले दिसतात. त्यांतल्या काही फोटोंत तोच पांढऱ्या सदऱ्याचा माणूस ओळखू येतो. एखाद्या तुकडीने छायाचित्रकारासाठी सराव करून दाखवला असेल तर फोटो असेच दिसतात. नेमक्या त्याच वेळी दूरवरून खरी गोळी आली असेल, तरीही ते असेच दिसतात. व्हेलन यांनी शेवटी हीच दुसरी शक्यता उचलून धरली होती: खेळ चालू असताना खरा मृत्यू आला.

भावंडांचा उपयोग आणखी एका फोटोत फार स्वच्छ दिसतो. आगुस्ती सेन्तेयेस याने १९ जुलै १९३६ ला बार्सिलोनाच्या रस्त्यावर टिपलेले, मेलेल्या घोड्यांच्या आडून नेम धरलेले सुरक्षादलाचे जवान. जगभर छापलेला हा फोटो चकमक थांबल्यावर रचून घेतलेला मानला जातो. घोडे खरे मेलेले, जवान खरे, रस्ता खरा, दिवसही खरा. फक्त समोर तेव्हा शत्रू नव्हता. हा निष्कर्ष काढता येतो कारण निगेटिव्ह टिकली. सेन्तेयेसने १९३९ मध्ये देश सोडताना ती पेटीत घालून फ्रान्सला नेली आणि कार्कासोन इथे एका कुटुंबाकडे ठेवली. १९७६ मध्ये, फ्रँकोच्या मृत्यूनंतर, तो ती परत आणू शकला. ती स्पेनमध्ये राहिली असती तर फ्रँकोच्या पोलिसांना चेहऱ्यांची यादीच मिळाली असती. या फोटोंतल्या माणसांचे जीव त्यावर अवलंबून होते, हे मी निगेटिव्ह हाताळताना कधी विसरत नाही.

पाचवी पायरी: जागा नकाशावर बसवा

पुढची माणसं हाताने झाका आणि फक्त मागची क्षितिजरेषा बघा. डोंगरांची रांग, दोन टेकड्यांमधली खाच, शेताचा बांध, पांढऱ्या वाटेचा पट्टा. माणसं बदलतात, घरं पडतात, पण डोंगराची रेषा ऐंशी-नव्वद वर्षांत हलत नाही.

सेरो मुरियानो कोर्दोबाच्या उत्तरेला, डोंगराळ आणि झाडीच्या भागात आहे. फोटोत मात्र कापणी झालेलं उघडं शेत आहे, मागे खोल रुंद खोरं. बास्क प्रदेशातले प्राध्यापक होसे मानुएल सुसपेरेगी यांनी मालिकेतल्या फोटोंमधली पार्श्वभूमी वेगळी काढली आणि कोर्दोबा परिसरातल्या लोकांना ओळखायला पाठवली. उत्तर एस्पेहो गावाकडून आलं, सेरो मुरियानोपासून सुमारे ५० किलोमीटर दूर, कोर्दोबाच्या दक्षिणेला. २००९ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि क्षितिजरेषा इतकी जुळली की आज जागेबद्दल फारसा वाद उरलेला नाही.

ही पद्धत तुम्हाला घरबसल्या वापरता येते. फोटोतली डोंगररेषा पारदर्शक कागदावर किंवा संगणकावर उतरवून घ्या. उपग्रह नकाशाच्या त्रिमितीय दृश्यात संशयित जागी 'उभे राहा' आणि दिशा फिरवत रेषा जुळते का पाहा. निदान तीन बिंदू जुळले पाहिजेत, आणि ते पुढे-मागे वेगवेगळ्या अंतरावरचे हवेत. एकाच डोंगराची तीन टोकं जुळली तर पुरेसं नाही. आजच्या शेतांत आणि रस्त्यांत खूप फरक पडला आहे, म्हणून स्पेनच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेने खुली केलेली १९४५-४६ आणि १९५६-५७ ची हवाई छायाचित्रं वापरा. युद्धानंतर दहा-वीस वर्षांतली ती असल्यामुळे जुने बांध, पायवाटा, कधी कधी खंदकांच्या खुणासुद्धा त्यात सापडतात. आणि शक्य असेल तर त्या भागातल्या माणसाला विचारा. गावचा डोंगर गावकऱ्याला जसा दिसतो तसा यंत्राला दिसत नाही.

जागा सापडली की दुसऱ्या पायरीतली तारीख काढा आणि दोन्ही एकत्र ठेवा. सप्टेंबरच्या सुरुवातीला एस्पेहोत लढाई नव्हती. ती महिन्याच्या अखेरीस पोचली, 'व्ह्यू'चा अंक बाहेर पडण्याच्या सुमारास. फोटो त्याआधी काढून पॅरिसला पोचायला हवा होता. 'लढाईच्या धुमश्चक्रीत टिपलेला क्षण' हा दावा इथे जवळजवळ कोसळतो. एकटादुकटा नेमबाज असण्याची शक्यता उरते; ती नाकारायला पुरावा नाही आणि मांडायलाही नाही.

सहावी पायरी: सावली मोजा

सपाट जमिनीवर ताठ उभा असलेला माणूस, खांब किंवा रोवलेली रायफल शोधा. सावलीची लांबी आणि वस्तूची उंची यांच्या गुणोत्तरावरून सूर्याची उंची निघते. कोर्दोबाच्या परिसरात ५ सप्टेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ५९ अंशांवर असतो. १७० सेंटिमीटर उंच माणसाची सावली साधारण १ मीटर पडते. डिसेंबरच्या अखेरीस त्याच जागी भर दुपारी हीच सावली ३ मीटरच्या वर जाते. त्यामुळे 'हिवाळ्यातली दुपार' म्हणून आलेल्या फोटोत बुटकी सावली दिसली तर ऋतूच चुकला आहे. सप्टेंबरच्या त्याच दिवशी सावली माणसाच्या उंचीइतकी असेल तर वेळ सकाळी दहाच्या आसपास किंवा दुपारी पावणेतीनच्या सुमाराला असायला हवी.

दोन ठिकाणी लोक फसतात. एक म्हणजे उतार. उतारावर सावली ताणली किंवा आखडली जाते, आणि कोसळणारा सैनिक उतारावरच आहे. तिथे सावलीची लांबी वापरू नका, दिशा वापरा. दुसरी चूक घड्याळाची. स्पेन १९४० पर्यंत ग्रिनिच वेळ पाळत होता. मार्च १९४० मध्ये घड्याळं एक तास पुढे केली आणि ती तशीच राहिली. सूर्याची जागा सांगणाऱ्या संकेतस्थळांवर आजची उन्हाळी वेळ ठेवली तर १९३६ साठी दोन तासांची चूक होते. म्हणून नेहमी ग्रिनिच वेळ निवडा. १९३७ पासून दोन्ही बाजूंनी आपापल्या तारखांना उन्हाळी वेळ लावली, त्यामुळे त्यानंतरच्या फोटोंत घटनेची 'घड्याळातली' वेळ कोणत्या बाजूच्या कागदातून आली, हेही बघावं लागतं.

सावलीची दिशा मिळाली की कॅमेऱ्याचं तोंड कुठे होतं ते कळतं, आणि मग सैनिक ज्या दिशेला नेम धरतोय तिकडे खरंच शत्रू होता का, हे आघाडीच्या नकाशावर तपासता येतं.

सातवी पायरी: रायफल, टोपी, झेंडा

सगळ्यात आधी फोटो उलटा तर छापला नाही ना, ते पाहा. निगेटिव्ह पालथं पडलं की डावं उजवं होतं. मागे अक्षरं असतील तर प्रश्नच नाही. नसतील तर रायफलीचा बोल्ट (गोळी भरायचा सरकता भाग) बघा: स्पॅनिश माउझर असो की रशियन मोसिन, बोल्टचा दांडा उजव्या बाजूला असतो. सगळ्यांच्या रायफलींवर तो डावीकडे दिसला तर फोटो उलटा आहे, आणि तुमचं सावलीचं सगळं गणितही उलटं झालं आहे.

मग काळाचं भान. सोव्हिएत टी-२६ रणगाडे ऑक्टोबर १९३६ मध्ये आले आणि २९ ऑक्टोबरला सेसेन्याला पहिल्यांदा लढले. सप्टेंबरच्या म्हणवल्या जाणाऱ्या फोटोत टी-२६ असेल तर तारीख चुकीची. प्रजासत्ताकासाठी लढणाऱ्या परदेशी स्वयंसेवकांची आंतरराष्ट्रीय ब्रिगेड नोव्हेंबरच्या ८ तारखेला माद्रिदमध्ये उतरली. त्याआधीच्या माद्रिदच्या फोटोत ती असणार नाही. पहिल्या महिन्यांत प्रजासत्ताकाच्या बाजूला कामगारांचे डगले, साधे सदरे, झुपकेदार दोऱ्यांच्या टोप्या असा सरमिसळ वेश होता. सगळ्यांचा नीट एकसारखा गणवेश दिसला तर नंतरचा काळ धरा.

झेंड्याचे रंग काळ्या-पांढऱ्या फोटोवरून ओळखायला जाऊ नका. त्या काळच्या काही फिल्मना लाल रंग दिसतच नसे आणि तो जवळपास काळा उमटे, निळा मात्र फिकट. प्रजासत्ताकाच्या बाजूने लढणाऱ्या अराजकवाद्यांचा लाल-काळा झेंडा अशा फिल्मवर एकरंगी वाटू शकतो. पट्ट्यांची रुंदी जास्त भरवशाची: प्रजासत्ताकाच्या झेंड्यात तिन्ही पट्टे सारखे, तर राजेशाहीच्या काळापासूनच्या आणि बंडखोरांनी ऑगस्ट १९३६ च्या अखेरीस अधिकृतपणे परत घेतलेल्या झेंड्यात मधला पट्टा दुप्पट. यामुळेच रंगवलेल्या आवृत्त्यांवरून कधीही निष्कर्ष काढू नका. तो रंग आजच्या संगणकाने अंदाजाने भरलेला असतो.

टोपीवरून एक गोष्ट. कोसळणाऱ्या सैनिकाच्या डोक्यावर काहीतरी उडालेलं दिसतं, आणि अनेकांनी ते कवटीचा तुकडा असल्याचं छातीठोकपणे लिहिलं. त्याच मालिकेतल्या इतर फोटोंत टोप्यांना पुढे झुपका लोंबताना दिसतो. तो झुपकाच आहे.

आठवी पायरी: कॅमेरा कुठे होता?

आता छायाचित्रकाराच्या जागी उभे राहा. सैनिक शत्रूकडे धावतायत आणि त्यांचे चेहरे समोरून दिसतायत, तर छायाचित्रकार शत्रूकडे पाठ करून, दोघांच्या मधोमध उभा आहे. खऱ्या हल्ल्यात हे क्वचितच होतं. खंदकातले सैनिक समोरून, डोळ्यांच्या पातळीवर, नीट चौकटीत दिसत असतील तर हाच प्रश्न विचारा. खऱ्या चकमकीतले फोटो बहुतेक मागून किंवा बाजूने, खालून, तिरके आणि अर्धवट असतात. शेजारचे लोक काय करतायत तेही बघा: एक जण मरतोय आणि मागचा आरामात कॅमेऱ्याकडे बघतोय, असं दिसलं तर फोटो बाजूला ठेवा.

कॅमेऱ्याची ताकदही माहीत हवी. अमेरिकेच्या यादवी युद्धात काचेच्या ओल्या फलकासाठी कॅमेऱ्याचं झाकण काही सेकंद उघडं ठेवावं लागे, म्हणून धावत्या लढाईचा फोटो शक्यच नव्हता. गेटिसबर्गला जुलै १८६३ मध्ये अलेक्झांडर गार्डनरच्या चमूने काढलेला 'बंडखोर नेमबाजा'चा फोटो प्रेत हलवून रचला होता, हे विल्यम फ्रासानितो यांनी १९७५ मध्ये जागेवर जाऊन खडकांशी ताडून दाखवलं. स्पेनमध्ये लायकाने धावता माणूस गोठवता येत होता. पण प्रत्येक फोटोनंतर बोटांनी चकती फिरवून फिल्म पुढे न्यावी लागे. त्यामुळे मृत्यूचा नेमका क्षण सापडणं म्हणजे आधीच कॅमेरा तिकडे रोखलेला असणं. का रोखला होता, याचं उत्तर फोटोओळीत आहे का?

नववी पायरी: नाव आणि साक्षी

नाव देण्याची घाई करू नका. बोरेलचं नाव पुढे आलं ते आल्कोय गावच्या मारियो ब्रोतोन्स या हौशी इतिहासकारामुळे. बोरेल ५ सप्टेंबरला सेरो मुरियानोला पडल्याची नोंद आहे. फोटो तिथला असता तर तर्क जुळला असता. पण १९३७ मध्ये एका अराजकवादी नियतकालिकात आलेल्या मजकुरानुसार तो झाडाआडून गोळीबार करताना मारला गेला. फोटोत झाड नाही. आणि जागा एस्पेहो निघाल्यावर तर नावाचा आधारच गेला.

साक्षींचंही तसंच. कापाने १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओवर सांगितलं की खंदकातून कॅमेरा डोक्यावर धरून, न बघता त्याने फोटो काढला आणि समोर मशीनगन होती. ओळखीच्यांना त्याने वेगळ्या वेळी वेगळं सांगितल्याचं त्यांनी लिहिलं आहे. एकच माणूस, वेगवेगळ्या हकिकती. अशा वेळी जी साक्ष कॅमेऱ्याच्या कोनाशी आणि जागेशी पटते तेवढीच जवळ ठेवा.

कधी साक्ष सगळं सोपं करते. बार्सिलोनाच्या कोलोन हॉटेलच्या गच्चीवर, खांद्याला रायफल लावून वाऱ्यात उभी असलेली १७ वर्षांची मुलगी, २१ जुलै १९३६. हान्स गुटमानने काढलेल्या या फोटोतली मारिना हिनेस्ता सत्तर वर्षांनी सापडली. ती पत्रकार आणि दुभाषी होती. रायफल फक्त फोटोसाठी हातात दिली होती आणि नंतर परत द्यायची होती, असं तिने सांगितलं. फोटो पोझ देऊन काढलेला, आणि तरी त्या दिवसाचा, त्या शहराचा, त्या मुलीच्या चेहऱ्यावरच्या विश्वासाचा अस्सल पुरावा.

शेवटची पायरी: निकाल लिहा

'खोटा' हा शब्द मी फार जपून वापरतो, कारण तो पाच वेगळ्या गोष्टींना लावला जातो. चुकीची जागा किंवा तारीख लिहिलेला फोटो वेगळा. पोझ देऊन काढलेला वेगळा. घडून गेलेलं पुन्हा करून दाखवलेला वेगळा. कापून किंवा रंगवून अर्थ बदललेला वेगळा. आणि आता संगणकाने मुळातून बनवलेला वेगळा. त्यात बोल्ट नसलेल्या रायफली, कुठेच न जाणारे पट्टे आणि कोणत्याही मालिकेत नसलेलं एकटं चित्र हमखास सापडतं. जुन्या फोटोचा 'स्पष्ट केलेला' चेहराही वापरू नका. ती भर यंत्राने घातलेली असते.

फोटो काय सांगू शकत नाही, तेही लिहा. सप्टेंबर १९३६ मध्ये माघार घेणाऱ्या अराजकवाद्यांनी इरून शहर जाळलं. २६ एप्रिल १९३७ ला फ्रँकोच्या मदतीला आलेल्या जर्मन आणि इटालियन विमानांनी गेर्निका हे बास्क गाव बेचिराख केलं, आणि फ्रँकोच्या बाजूने इरूनचाच दाखला देत तेही लालांनीच, म्हणजे प्रजासत्ताकाच्या बाजूच्या डाव्यांनी, जाळलं असा प्रचार केला. दोन्हीकडच्या भिंतींचे फोटो शेजारी ठेवले तर सारखेच काळे दिसतात. कोणी केलं, याचं उत्तर वार्ताहरांच्या तारा, साक्षी आणि बॉम्बच्या अवशेषांत सापडतं.

सगळं झाल्यावर फोटोओळ नव्याने लिहा. कोसळणाऱ्या सैनिकासाठी माझ्या वहीत आज अशी ओळ आहे: 'मिलिशियातला (स्वयंसेवक लढवय्यांच्या तुकडीतला) एक माणूस, नाव निश्चित नाही. एस्पेहोजवळचा उतार, कोर्दोबा प्रांत, सप्टेंबर १९३६ चा पहिला भाग. रॉबर्ट कापाच्या नावे. गेर्डा टारो सोबत होती. त्या ठिकाणी त्या दिवसांत लढाई झाल्याचा पुरावा नाही. मृत्यू सिद्ध झालेला नाही. निगेटिव्ह उपलब्ध नाही.'